किंग रँचचं घराणं कागदावर आणताना : प्रकल्पाच्या नोंदी

लेक सातवीत आहे. टेक्ससमधे सातवीला अख्खं वर्ष टेक्ससचाच इतिहास असतो आणि त्यात एक मोठा प्रकल्प. एक टेक्सन घराणं घ्या, निदान चार पिढ्या दाखवा, आणि प्रत्येक नावामागे पुरावा द्या, नुसतं इंटरनेटवर वाचलं म्हणून चालणार नाही. आम्ही कॉर्पस क्रिस्टीला राहतो, किंग्जव्हिल इथून पाऊण तास, आणि इथल्या कुठल्याही पार्किंगमधे फोर्डची ती किंग रँच एडिशनवाली पिकअप उभी असतेच, आत चामड्याच्या सीटवर वळवळता डब्ल्यू. किंग रँच म्हणजे इथलं गुरं पाळायचं अवाढव्य रान, आणि तो डब्ल्यू म्हणजे त्या रँचचा गुरांवर मारायचा डाग, १८६९ मधे रजिस्टर झालेला. लेकीने आणि तिच्या पार्टनर मैत्रिणीने तेच घराणं निवडलं. नोंदी मी ठेवतेय, कारण असं काही कुणी करायला घेतलं तर त्याचा वेळ तरी वाचेल.

१२ जानेवारी

ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, पण प्रत्येक तारखेला वेगळा पुरावा जोडता येतो, आपल्याला तेच हवं. फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या साइटवर खातं काढलं, तेही फुकट.

पहिला माणूस रिचर्ड किंग. जन्म १८२४, न्यूयॉर्क, आईबाप गरीब आयरिश. लहानपणीच सोनाराकडे उमेदवारीला ठेवला होता, तिथून ११ व्या वर्षी पळाला आणि अलाबामातल्या मोबाइल बंदराला जाणाऱ्या जहाजात लपून बसला. पुढे आगबोटींवर वाढला, १८४७ मधे मेक्सिकोच्या युद्धात रिओ ग्रांदे नदीवर बोटी चालवायला आला आणि इकडचाच झाला. म्हणजे टेक्ससचा सगळ्यात मोठा गुरंवाला हा मुळात नावाडी!

दोघींना आयर्लंडपर्यंत जायचं होतं. मी नाही म्हटलं. वर चढत बसलं की महिना जातो आणि हाताला काही लागत नाही, आपल्याला खाली यायचंय.

१८ जानेवारी

आजचा दिवस पाण्यात. एका वंशावळीच्या साइटवर तयार झाड मिळालं, इम्पोर्ट केलं, आणि रॉबर्ट क्लेबर्ग नावाचा एकच माणूस १८३६ च्या सान हसिंटोच्या लढाईत (टेक्सस मेक्सिकोपासून सुटला ती) लढतोय आणि १९४० मधे गायींची जात मंजूर करून घेतोय असं दिसायला लागलं. कुणीतरी तीन माणसं एकात घातलीत आणि बाकीच्यांनी ती कॉपी मारलीत.

खरे तीन असे. पहिला रॉबर्ट जस्टस क्लेबर्ग, जर्मनीतून आलेला, १८०३ ते १८८८, सान हसिंटोवाला. दुसरा त्याचा मुलगा, १८५३ ते १९३२, वकील, हा किंगचा जावई. तिसरा नातू बॉब, १८९६ ते १९७४, गायीघोडेवाला. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची हौस यांनाही, आणि बायकांमधे तर अजून गोंधळ. किंगची बायको हेन्रिएटा मारिया, थोरली मुलगी पण हेन्रिएटा मारिया (घरात नेटी), मग नात हेन्रिएटा रोझा. धाकटी मुलगी अ‍ॅलिस गर्ट्रुडिस आणि तिच्या मुलीचं नावही अ‍ॅलिस गर्ट्रुडिस.

तोडगा : इम्पोर्ट केलेलं सगळं उडवलं. प्रत्येकाला पिढी आणि जन्मसाल मिळून एक नंबर दिला, २-१८६२, ३-१८९६ असा. आता आपसात बोलतानाही नंबरनेच बोलतो. "३-१८८७ म्हणजे तो खासदार" असं. (रिचर्ड मिफ्लिन क्लेबर्ग, १९३१ ते १९४५ काँग्रेसमधे, म्हणजे इथल्या संसदेत होता, आणि त्याने सेक्रेटरी म्हणून वॉशिंग्टनला नेलेला पोरगेला मास्तर म्हणजे लिंडन जॉन्सन, पुढचा राष्ट्राध्यक्ष.)

२५ जानेवारी

जनगणनेवर बसलो. अमेरिकेत ७२ वर्षांनी जनगणनेची पानं खुली होतात, त्यामुळे १९५० पर्यंतचं घरबसल्या बघता येतं. पण १८९० ची बहुतेक सगळी १९२१ च्या आगीत गेलीय. म्हणजे १८८० नंतर थेट १९००, आणि या घरात जे काय घडलं ते नेमकं त्याच वीस वर्षांत. १८८३ मधे धाकटा मुलगा ली न्यूमोनियाने गेला, अवघा १९ वर्षांचा. १८८५ मधे किंग स्वतः सान अँटोनियोच्या मेंगर हॉटेलात पोटाच्या कॅन्सरने गेला. १८८६ मधे अ‍ॅलिसचं लग्न, १८८७ मधे तिचं पहिलं मूल. हे सगळं जनगणनेत सापडणार नाही. जन्ममृत्यूची नोंद तरी बघावी तर टेक्सस राज्याने ती १९०३ पासून सुरू केली.

वर बायका गायब. बातमीत सगळीकडे मिसेस आर. जे. क्लेबर्ग. अ‍ॅलिस हे नाव शोधून सापडत नाही, नवऱ्याची आद्याक्षरं टाकली की धडाधड येतं. यात एकच बाई वेगळी, ती म्हणजे किंगची विधवा. ती सगळीकडे मिसेस एच. एम. किंग, म्हणजे स्वतःच्या नावाची अक्षरं. का, तर नवरा गेल्यावर ६,१४,००० एकर जमीन आणि ५ लाख डॉलर कर्ज दोन्ही तिच्या नावावर आलं. जमीन जिच्या नावावर तिचं नाव कागदावर.

हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, लेक झोपली होती, आणि मला एकदम आमच्या सांगलीच्या शेताचा सातबारा आठवला. तिकडे कुणाचा कोण हे विचारायचं असेल तर फेरफार काढतात. इथेही तेच करायचं. माणसं शोधणं बंद, जमीन कुठून कुठे गेली ते शोधायचं, वाटेत माणसं आपोआप भेटतील.

१ फेब्रुवारी

कोर्टहाऊस. एक गोष्ट आधी बघून जा, तुमची जमीन त्या साली कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, होती. क्लेबर्ग काउंटी १९१३ मधे झाली, त्याआधीचा हा भाग नुएसेस काउंटीत. म्हणजे जुन्या खरेदीखतांसाठी किंग्जव्हिलला जायचं कारणच नाही, ती आमच्याच गावात. रँच पसरलीय सहा काउंट्यांत, त्यामुळे हा प्रश्न दर खताला येतो.

क्लर्कच्या ऑफिसात दोन प्रकारच्या सूच्या असतात, एक विकणाऱ्याच्या नावाने, एक घेणाऱ्याच्या. आपण घेणाऱ्याची धरायची आणि मग उलट जायचं. झेरॉक्सला पानामागे १ डॉलर, त्यामुळे आधी वाचा, मग कॉपी मागा. जुनी हस्ताक्षरं वाचताना जीव जातो, पण मुलींचे डोळे चांगले, त्या माझ्याआधी वाचत होत्या.

जमिनीची सुरुवात अशी : १८५२ मधे किंग ब्राउन्सव्हिलहून कॉर्पस क्रिस्टीच्या जत्रेला निघाला, वाटेत सांता गर्ट्रुडिस ओढ्यापाशी थांबला, त्या वैराण पट्ट्यात तिथे गोडं पाणी आणि सावली होती. १८५३ मधे त्याने रिंकॉन दे सांता गर्ट्रुडिस हा १५,५०० एकरांचा जुना तुकडा मेंदिओला कुटुंबाच्या वारसांकडून ३०० डॉलरला घेतला. एकरी दोन सेंटही नाहीत. पुढच्या वर्षी शेजारचा दे ला गार्झांचा ५३,००० एकर १,८०० डॉलरला. पाणी आहे तो कोपरा आधी घ्यायचा, बाकीचं रान मग आपोआप स्वस्त. स्पॅनिश काळातल्या जमिनीचे वारस नदीपार, सरहद्द नव्याने आखलेली, मालकी सिद्ध करायची म्हणजे इंग्रजी कोर्टात खेटे. त्या भावामागे हे सगळं होतं.

मुलींनी तक्त्यात मेंदिओला आणि दे ला गार्झा ही नावं झाडाच्या मुळाशी वेगळ्या रंगात लिहिली. माझ्या डोक्यात नव्हतं, पण बरोबर वाटलं.

८ फेब्रुवारी

भाऊबंदकीचे खटले! वंशावळ करणाऱ्याला यासारखी दुसरी खाण नाही. दावा लावायचा तर मी कोण, माझी आई कोण, आजी कोण हे शपथेवर सांगावं लागतं, आणि निकालात ते सगळं पुन्हा छापून येतं, तेही फुकट वाचायला.

दोन सापडले. एक अ‍ॅटवुड विरुद्ध क्लेबर्ग, १९४३ मधे फेडरल अपील कोर्टात. अ‍ॅटवुड म्हणजे थोरल्या नेटीची पोरं. हेन्रिएटा १९२५ मधे गेली तेव्हा दहा लाख एकरांच्या वर पसारा होता, मृत्युपत्राप्रमाणे तो दहा वर्षं विश्वस्तांकडे राहिला आणि मग वाटण्या झाल्या. अ‍ॅलिसची बाजू रँच चालवत होती, तिने आपलं १९३४ मधे कंपनी करून पोरांच्या नावे केलं. त्यात १९३३ मधे हंबल ऑइलशी तेलाचा करार झालेला. तेल म्हटल्यावर दूरचे पण जवळचे होतात. आम्हाला नेटीची अख्खी फांदी इथेच मिळाली, जनगणनेत ती आम्ही नुसती चाचपडत होतो.

दुसरा त्याहून भारी. रिंकॉनच्या त्याच पहिल्या तुकड्यात मेजर चॅपमन नावाच्या लष्करी माणसाचा अर्धा हिस्सा होता असं म्हणत त्याची विधवा हेलन चॅपमनने १८७९ मधे किंगवर दावा लावला. १८८३ मधे साधारण ५,८०० डॉलरवर तडजोड. मग शंभरेक वर्षांनी चॅपमनचे वारस उठले, म्हणाले तडजोड फसवून झाली, आमच्या पणजीचा वकील तेव्हा आतून किंगचंही काम करत होता. तो वकील कोण? आमचा दुसरा क्लेबर्ग, जावई. २००३ मधे टेक्ससच्या सुप्रीम कोर्टाने किंग रँचच्या बाजूने निकाल दिला, जुनी तडजोड मोडायला पुरावा पुरेसा नाही म्हणून. पण १८८१ पासून क्लेबर्ग किंगची कामं बघायला लागला आणि १८८६ मधे मुलीशी लग्न, हा क्रम आम्हाला दुसरीकडे एवढा नीट एका जागी कुठे मिळाला नव्हता.

याच दिवशी नियम केला की हयात माणसांची नावं तक्त्यात घालायची नाहीत. पाचव्या पिढीत फक्त गेलेले आणि जाहीर कामामुळे माहीत असलेले. मुलींना पटायला वेळ लागला, कारण त्यांना आजचे मालक दाखवायचे होते.

१५ फेब्रुवारी

किंग्जव्हिल. गाव रेल्वेबरोबर जन्मलं, ४ जुलै १९०४ ला पहिली पॅसेंजर गाडी आली. म्युझियम जुन्या बर्फाच्या कारखान्यात आहे. खोगिरं, जुन्या गाड्या, आणि टोनी फ्रिसेल या बाईंनी १९४० च्या आसपास काढलेले काळेपांढरे फोटो. मुली फोटोंपुढे जास्त थांबल्या.

मग चेंबरलेन दफनभूमी. दगडांवरच्या तारखा म्हणजे आमचे दुसरे पुरावे. दुपारी बाराला गेलो तर डोक्यावर ऊन आणि अक्षरं सपाट दिसत होती, काही वाचता येईना. चार वाजता परत गेलो, ऊन तिरपं झालं तसं कोरीव काम उठून आलं. फोटो काढणाऱ्यांनी सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जावं. मधले चार तास गेले, पण म्युझियम दुसऱ्यांदा बघून झालं.

दफनभूमीच्या तारखेचा एक घोळ सांगते. किंग १८८५ मधे गेला, पण तेव्हा हे गावच नव्हतं, मग इथे कसा पुरला? तो आधी सान अँटोनियोत होता, नंतर इकडे आणला. त्यामुळे थडगं किंग्जव्हिलला म्हणून मृत्यूही तिथलाच धरायचा असं करू नका, आमच्या पहिल्या मसुद्यात तसंच झालं होतं.

हेन्रिएटाच्या दफनाच्या वेळी सुमारे दोनशे घोडेस्वार, रँचवर कामाला असलेले वाकेरो, हॅट काढून घोडे दुडक्या चालीने पळवत कबरीभोवती एक फेरी मारून गेले. वाकेरो म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे मेक्सिकन. हे वाचलेलं होतंच. पण त्या दोनशेंचं एकही नाव आमच्या तक्त्यात नव्हतं.

२२ फेब्रुवारी

आज बैलाचं झाड. प्रकल्पात नव्हतं, मला हौस.

बॉब क्लेबर्गने शॉर्टहॉर्न गाय आणि ब्राह्मण (ही इथली वशिंडाच्या गुरांची जात) बैल यांच्या संकरातून सांता गर्ट्रुडिस ही जात काढली, पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मण. शॉर्टहॉर्नला मांस चांगलं पण दक्षिण टेक्ससचं ऊन आणि गोचीड सोसत नाही. १९१८ मधे रँचने ५२ ब्राह्मण-संकरित बैल घेतले, १९२० मधे मंकी नावाचा लाल गोऱ्हा जन्मला, आज जगात जिथे जिथे ही जात आहे तिचा मूळपुरुष तो. सरकारी मान्यता १९४०.

आता हे ब्राह्मण म्हणजे आपलेच. १९०६ च्या सुमाराला भारतातून बैल गेले, नंतर ब्राझीलमार्गे आणखी. अमेरिकन ब्राह्मणमधे गुजरातचा कांकरेज आणि गीर, आंध्रचा ओंगोल, आणि थोडा कृष्णा व्हॅली. संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"कृष्णा व्हॅली? अगं म्हणजे आपल्याकडचा! सांगलीकर संस्थानिकांनी वगैरे काढलेली जात ती. काळ्या जमिनीत नांगर ओढायला."

"हो बाबा, तोच. थोडासाच आहे पण."

"थोडा का असेना. लिही तक्त्यात."

लिहिलं. शिवाय विम्पी नावाचा घोडा, अमेरिकन क्वार्टर हॉर्सच्या नोंदवहीत पी-१, म्हणजे पहिला नंबर. त्याच्या बापाचा बाप आणि आईचा बाप एकच, ओल्ड सोरेल. दोन फांद्या एकाच डब्यात जाऊन मिळतात त्यामुळे तक्त्यावर रेघा एकमेकींवरून जायला लागल्या. उपाय म्हणजे ओल्ड सोरेलला मधे घ्यायचं आणि खाली यायचं.

एका दुपारीत बैल आणि घोडा दोन्ही झाले. प्रत्येक जनावराचा बाप, आई, साल, सगळं छापील. माणसांना सहा आठवडे लागले होते.

१ मार्च

किनेन्यो. हे नाव रँचवरच्या माणसांचं, किंगची माणसं. १८५४ च्या आसपास मेक्सिकोतल्या तामाउलिपासमधे क्रुइयास गावात दुष्काळ पडला होता, किंगने त्यांची गुरं विकत घेतली आणि घेऊन निघाला, मग परत फिरून अख्ख्या गावालाच म्हणाला चला माझ्याबरोबर. शंभरावर माणसं निघाली. त्यांचे वंशज सहासात पिढ्या तिथे.

आमची जमिनीची युक्ती इथे साफ आपटली. जमीनच नाही तर खरेदीखत कुठलं, मृत्युपत्र कुठलं, भाऊबंदकीचा खटला कुठला. आठवडाभर जुन्या पद्धतीने शोधत बसलो, शून्य.

वाट दाखवली ती मैत्रिणीच्या आजीने. तिच्या घरातले लोक दोन पिढ्या रँचवर होते हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं, मैत्रीणही कधी बोलली नव्हती. आजीने बिस्किटाच्या डब्यातून तिच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढला. त्यावर बापाचं नाव, आईचं माहेरच्या आडनावासकट नाव, चारही आजीआजोबा, आणि दोन्ही धर्मपालक. एका कागदावर तीन पिढ्या! स्पॅनिश पद्धतीत बाईचं आडनाव लग्नाने पुसत नाही. म्हणजे जे अ‍ॅलिस क्लेबर्गच्या बाबतीत आम्हाला आठवडे घेऊन सापडलं नाही ते वाकेरोच्या बायकोच्या बाबतीत चर्चच्या वहीत आयतं.

मग रीत बदलली. चर्चच्या वह्या आधी, जनगणना मागून. १९०० ची जनगणना इथे चांगली, कारण तिच्यात जन्माचा महिना आणि साल, देशात कधी आले ते साल, आणि बाईला किती मुलं झाली व किती जगली हेही आहे. स्पेलिंगवर विसंबू नका, कावाझोस कधी बी ने, कधी व्ही ने, लिहिणारा इंग्रजी कानाने लिहितो. १९३० मधे वंशाच्या रकान्यात एकदाच मेक्सिकन असा वेगळा शेरा आहे, आधी नाही आणि नंतर नाही, त्यामुळे गाळणी लावून शोधणाऱ्यांनी ते लक्षात ठेवायचं.

जाहीर नावांपैकी तक्त्यात घातलेले : फ्रान्सिस्को अल्वाराडो, डिसेंबर १८६३ मधे, यादवी युद्धात, उत्तरेकडच्या म्हणजे युनियनच्या सैनिकांनी किंगला धरायला रँचवर धाड घातली तेव्हा घराच्या राखणीला असलेला, तो गोळी लागून मेला. किंग आधीच निसटला होता, बायको गरोदर होती आणि मागेच राहिली होती. आणि कावाझोस बाप-लेक. बाप लाउरो रँचचा फोरमन. एक मुलगा लाउरो, रँचवरच जन्मलेला, १९८८ मधे अमेरिकेचा शिक्षणमंत्री, मंत्रिमंडळातला पहिला हिस्पॅनिक. दुसरा रिचर्ड, १९८२ मधे पहिला हिस्पॅनिक फोर-स्टार जनरल. किंग-क्लेबर्ग बाजूला खासदार आहे, तर या बाजूला मंत्री आणि जनरल. मैत्रीण म्हणाली मग हे खाली बारीक अक्षरात का? खरंच बारीक अक्षरात होतं, तळटीप केल्यासारखं. तक्ता मोडून पुन्हा मांडला, दोन झाडं शेजारी शेजारी, मधे ओढा.

८ मार्च

छपाई. ग्रॅम्प्समधला तक्ता थेट छापायला देऊ नका, डबे सगळे सारखे येतात आणि रुंदी बेसुमार वाढते. एसव्हीजी (चित्राची फाइल) काढून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधे हाताने लावला, दोन संध्याकाळी गेल्या. दुकानाने पहिली प्रत कडा कापून दिली, डावीकडचा क्रुइयासचा अर्धा रकाना गेला, दुसरी प्रत त्यांनी पैसे न घेता दिली पण दोन दिवस लावले. चारी बाजूंनी दोन इंच कोरं सोडा. एकूण खर्च झेरॉक्स, छपाई, पेट्रोल धरून शंभर डॉलरच्या आत.

आठ फुटी तक्ता गुंडाळून गाडीत बसतो, फळ्यावर चिकटवून बसत नाही. शाळेत नेऊन तिथेच चिकटवला.

२० मार्च

जमा केला, लावलाय. बाईंचा एकच शेरा, बैलाच्या झाडाला पुरावे माणसांपेक्षा जास्त कसे. मुलींनी खाली पेन्सिलीने उत्तर लिहिलं : कारण बैल विकायचे होते.

मैत्रिणीच्या आजीने चर्चला आणखी दोन दाखल्यांसाठी पत्र टाकलंय. उजवीकडचे दोन डबे त्यासाठी रिकामे ठेवलेत, फाइलमधे नंबर टाकून ठेवलेत, १-१८४० च्या आसपास आणि २-१८६७.